सुटा हिरा घेऊन अंगठी घडवायची तर

तयार अंगठीतला हिरा आणि पुडीतून चिमट्याने उचललेला सुटा हिरा, यांत मोठा फरक एकच: सुट्या हिऱ्याला लपायला जागा नसते. धातू बरंच काही झाकतो. पिवळ्या सोन्यात बसलेल्या हिऱ्याची पिवळसर झाक सहज कळत नाही, कडेचा बारीक टवका धातूखाली जातो, आणि वजन तर विकणाऱ्याने सांगितलं तेच खरं मानावं लागतं, कारण जडवलेला खडा नेमका तोलता येत नाही. म्हणून साखरपुड्याच्या अंगठीसाठी आधी हिरा, मग अंगठी असा क्रम धरणं शहाणपणाचं. मात्र त्यात व्यवहार दोन होतात, कधी दोन वेगळ्या माणसांशी होतात, आणि मधे एक टप्पा असा येतो की हिरा तुमचा असतो पण हातात दुसऱ्याच्या असतो. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने कुठे वेळ घालवावा आणि कशाकडे खुशाल कानाडोळा करावा, ते क्रमाने सांगतो.

१. दुकानात जाण्याआधी

एकूण किती खर्च करायचा ते ठरवा आणि त्यातून अंगठीचा वाटा आधीच बाजूला काढा. सगळी रक्कम हिऱ्यावर घालून मग धातूत आणि घडणावळीत काटकसर करणारे पुष्कळ असतात. मग उत्तम खडा अगदी पातळ पट्टीवर बसतो आणि काही वर्षांत पट्टी वाकते. काटकसर करायचीच तर हिऱ्याच्या वजनात करा; कशी, ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट, अंगठी जिच्या किंवा ज्याच्या बोटात जाणार ती व्यक्ती दिवसभर हातांनी काय करते ते आठवा. दिवसातून दहा वेळा हातमोजे चढवणारा हात वेगळा आणि कीबोर्डवर चालणारा हात वेगळा. अंगठीची उंची, खड्याचा आकार आणि त्याला धरण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी यावर ठरतात. तारीख ठरली असेल तर ती सांगूनच कामाला सुरुवात करा. हिरा निवडणं, अंगठी घडणं, खडा बसवणं आणि एखादी दुरुस्ती यांत काही आठवडे सहज जातात. घाईत घेतलेला हिरा पुन्हा पाहायची सवड मिळत नाही.

२. खाणीतला की लॅबमधला

हा निर्णय आधी घ्या, कारण पुढचे सगळे भाव त्यावर अवलंबून आहेत. प्रयोगशाळेत हिरा घडवण्याच्या दोन पद्धती आहेत. एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता देऊन, आणि सीव्हीडी म्हणजे कार्बनयुक्त वायूतून थरावर थर साचवत. पहिली पद्धत जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांनी १९५४ साली यशस्वी केली. दोन्हींतून निघतो तो खराच हिरा: तोच कार्बन, तोच कठीणपणा, तीच चमक. डोळ्यांनी, भिंगाने किंवा दुकानातल्या पेनसारख्या टेस्टरने खाणीतला आणि लॅबमधला हिरा वेगळा ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळेतली उपकरणंच लागतात. त्यामुळे 'आमच्याकडे मशीन आहे, लगेच तपासून देतो' असं कुणी म्हणालं तर ते मशीन नेमकं काय ओळखतं हे विचारा. उष्णता मोजणारा साधा टेस्टर लॅबच्या हिऱ्याला हिरा म्हणतो, आणि मॉइसनाइटलाही म्हणतो.

मॉइसनाइट हा हिरा नव्हेच. तो सिलिकॉन कार्बाइड. भिंगातून किंचित तिरकं पाहिलं की त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरी असतात. एवढी एक ओळख करून ठेवली तरी पुष्कळ.

लॅबचा हिरा त्याच वजनाच्या खाणीतल्या हिऱ्यापेक्षा खूप स्वस्त पडतो आणि गेल्या काही वर्षांत तो आणखी उतरला आहे. मोठा आणि स्वच्छ खडा हवा आणि पुढे विकण्याचा विचार नाही, तर तो घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त परत विकताना त्याला फारच थोडं मिळेल हे धरून चाला. खाणीतल्या हिऱ्यालाही दुकानात दिलेली किंमत सहसा परत मिळत नाही, पण तिथे निदान थोडा बाजार आहे. थोडक्यात, दोन्हींपैकी कशालाही गुंतवणूक म्हणू नका. हिरे तपासून अहवाल देणाऱ्या जीआयए या संस्थेने २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग आणि स्वच्छतेची नेहमीची अक्षरं देणं बंद करून त्यांची ढोबळ प्रतवारी सुरू केली आहे. तेव्हा लॅबच्या हिऱ्याचे जुने आणि नवे अहवाल एकमेकांशी ताडून पाहताना हे लक्षात ठेवा.

३. अहवाल वाचायचा कसा

सुट्या हिऱ्यासोबत स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. जीआयए, आयजीआय, एचआरडी ही त्यातली जगभर चालणारी नावं. दुकानाने स्वतःच छापलेलं कार्ड म्हणजे अहवाल नव्हे, ते दुकानाचं म्हणणं झालं. आणि अहवाल म्हणजे किंमत ठरवणारा दाखलाही नव्हे. प्रशिक्षित माणसांनी ठरलेल्या उजेडात, दहापट मोठं करून त्या खड्याबद्दल नोंदवलेलं ते मत असतं. दोन प्रयोगशाळांच्या मतात एका पायरीचा फरक पडू शकतो. म्हणून रंगाच्या बाबतीत एकाचा 'जी' आणि दुसऱ्याचा 'जी' सारखाच असं समजून फक्त भावाची तुलना करू नका.

कागद हातात आला की बहुतेकांची नजर आधी अक्षरांवर जाते. मी आधी मापं बघतो. गोल हिऱ्याला तीन आकडे असतात: सर्वांत लहान व्यास, सर्वांत मोठा व्यास आणि खोली, तिन्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. हिरा पुढे कारागिराकडे जाऊन परत येईल तेव्हा हाच हिरा आपला, हे सांगणारी ओळख म्हणजे हे आकडे, वजन आणि आतल्या खुणांचा नकाशा. लहान खड्यांच्या अहवालावर हा नकाशा नसतोही. तेव्हा स्वतः फोटो काढून ठेवावा लागतो.

अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकून पाहा. पुष्कळ हिऱ्यांच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, तोच क्रमांक लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून दाखवायला सांगा. अक्षरं इतकी बारीक असतात की पहिल्या झटक्यात दिसत नाहीत. लाजू नका, दोनदा मागा. अहवाल बराच जुना असेल तर हिरा मधल्या काळात कुणाच्या बोटात फिरून आलेला असू शकतो, तेव्हा कडेला टवका नाही ना ते जास्त निरखून पाहा.

तळाशी बारीक अक्षरांत शेऱ्यांची जागा असते, तीही वाचा. 'स्वच्छतेचा दर्जा नकाशात न दाखवलेल्या क्लाउडवर आधारित आहे' अशा अर्थाचा शेरा खालच्या दर्जाच्या हिऱ्यावर दिसला तर सावध व्हा. क्लाउड म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा पुंजका. तो मोठा असेल तर अख्खा हिरा धुरकट दिसतो, आणि हा धुरकटपणा कागदावरच्या कोणत्याही एका अक्षरात उतरत नाही. बाजारात त्याला 'मिल्की' म्हणतात. तपकिरी किंवा हिरवट झाकेचंही तसंच. 'मिल्की नाही ना, ब्राउन-ग्रीन झाक नाही ना?' हा प्रश्न विचारलात की समोरचा जरा सावरून बसतो.

४. चार गोष्टींतली पहिली: कट

कट, वजन, रंग, स्वच्छता या चार गोष्टी सगळेच सांगतात, आणि जणू चारींचं महत्त्व सारखं असल्यासारखं सांगतात. ते तसं नाही. हिरा चमकतो तो कटमुळे. बाकीच्या तीन गोष्टी दुर्मीळपणाच्या आहेत. त्या भाव वाढवतात, चमक नव्हे.

कारण साधं आहे. हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ असल्यामुळे आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर पुरेसा तिरका पडला की बाहेर न जाता आतच परततो, समोरच्या पैलूवर जातो आणि तिथून वर, आपल्या डोळ्याकडे येतो. खालच्या भागाचा, म्हणजे पॅव्हिलियनचा कोन थोडा चुकला की हा प्रवास बिघडतो. कोन फार तीव्र झाला तर प्रकाश दुसऱ्या पैलूतून निसटतो आणि मधोमध काळोखा डाग दिसतो. फार उथळ झाला तर टेबलच्या, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूच्या, आत गर्डलचं पांढुरकं वर्तुळ दिसतं; त्याला फिश-आय म्हणतात. दोन्हींवर कितीही उजेड टाका, मधला भाग जिवंत होत नाही.

मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणिताने गोल हिऱ्याची प्रमाणं मांडली: टेबल व्यासाच्या ५३ टक्के, वरचा कोन ३४.५ अंश, खालचा ४०.७५ अंश. आजचे चांगले कट तंतोतंत तेच नसतात, पण त्याच परिसरात असतात. नवख्याने पाठ करावेत असे आकडे एवढेच: टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली साधारण ६० ते ६२.५, क्राउनचा, म्हणजे वरच्या भागाचा कोन ३४ ते ३५, पॅव्हिलियनचा ४०.६ ते ४१. यात बसणारा हिरा डोळे मिटून घ्यावा असं नाही, पण पाहण्याच्या यादीत तो नक्की असावा. अहवालावर कट 'एक्सलंट' लिहिलेला असला तरी हे आकडे बघाच, कारण त्या एका शब्दात बरेच उन्नीस-बीस हिरे मावतात.

जीआयएच्या अहवालात कटचा दर्जा २००६ पासून येतो, तोही फक्त गोल ब्रिलियंटला. ओव्हल, पेअर, कुशन, एमराल्ड, प्रिन्सेस या इतर आकारांच्या अहवालात पॉलिश आणि सिमेट्री दिसते, ते कटचं प्रमाणपत्र समजू नका. ओव्हल, पेअर आणि मार्कीझ यांत मधोमध बो-टायसारखी काळसर पट्टी असते. थोडी असणारच; ती हिरा हलवल्यावर फुटून चमकते की तशीच काळी राहते ते पाहा. राहत असेल तर तो खडा परत ठेवा.

५. वजन, रंग, स्वच्छता

एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचे १०० सेंट. भाव प्रति कॅरट बोलला जातो आणि वजन वाढलं की हा प्रति कॅरट भावही वाढतो, त्यामुळे दुप्पट वजनाचा हिरा दुपटीहून बराच महाग पडतो. त्यातही अर्धा, पाऊण, एक, दीड, दोन अशा ठरावीक आकड्यांपाशी भाव उडी मारतो, कारण गिऱ्हाइकाला पूर्ण आकडा सांगायला आवडतो. इथेच काटकसरीला वाव आहे. ९२ सेंटचा सुरेख कट असलेला गोल हिरा वरून साधारण ६.२ ते ६.३ मिलिमीटर दिसतो. पूर्ण कॅरटचा साधारण ६.४ ते ६.५. बोटात घातल्यावर हा फरक कुणाला कळत नाही, बिलावर मात्र कळतो.

याच्या उलट बाजूही आहे. वजनाचा आकडा गाठायचा म्हणून कारागीर गर्डल जाड ठेवतात किंवा पोटाला खोली देतात. असा पूर्ण कॅरटचा हिरा ६.१ मिलिमीटरही भरू शकतो. म्हणजे वजन तुम्ही विकत घेतलंत आणि ते खाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी गेलं. म्हणून वजनाशेजारी व्यास वाचायची सवय लावा.

रंगाची मोजणी 'डी' पासून 'झेड' पर्यंत चालते. 'डी' म्हणजे रंगहीन. प्रयोगशाळेत रंग पाहतात तो हिरा पालथा ठेवून, कारण सरळ ठेवलेल्या हिऱ्याची चमक झाक लपवते. अंगठीत तर तो सरळच बसणार. त्यामुळे पांढऱ्या धातूत 'जी' किंवा 'एच' आणि पिवळ्या सोन्यात 'जे' किंवा 'के'सुद्धा बहुतेकांच्या डोळ्यांना स्वच्छ वाटतो. खडा मोठा असेल, किंवा एमराल्डसारखा पायऱ्यांचा कट असेल, तर एखादी पायरी वर जा. 'डी'साठी जास्तीचे पैसे मोजणं हा हौसेचा भाग आहे. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण ती हौस आहे हे ठाऊक असावं.

स्वच्छतेचा क्रम असा: एफएल, आयएफ, व्हीव्हीएस१ आणि २, व्हीएस१ आणि २, एसआय१ आणि २, आय१ ते ३. हे सगळं दहापट भिंगाखालचं. नुसत्या डोळ्यांना दोष दिसू नये एवढीच अपेक्षा असेल तर गोल हिऱ्यात व्हीएस२ आणि पुष्कळदा एसआय१ पुरतो. एमराल्ड कटचं टेबल खिडकीसारखं उघडं असतं, तिथे व्हीएस१च्या आसपास राहा. दर्जापेक्षा दोष कुठे आहे हे महत्त्वाचं. टेबलखाली मधोमध बसलेला काळा ठिपका आणि कडेला दडलेली पांढरट खूण, दोन्ही कागदावर एसआय१च. पहिला रोज खुपेल, दुसरी प्रॉन्गखाली, म्हणजे खडा धरणाऱ्या धातूच्या नखीखाली जाईल.

पण कडेच्या सगळ्याच खुणा निरुपद्रवी नसतात. हिरा कठीण असतो, अभंग नव्हे. त्याला ओरखडा सहसा हिराच पाडतो, मात्र चार ठरावीक दिशांनी तो फुटू शकतो. गर्डलपर्यंत पोचलेला तडा, ज्याला फेदर म्हणतात, किंवा अतिपातळ गर्डल, किंवा प्रिन्सेस कटचं उघडं टोक, यांवर खडा बसवताना दाब आला तर टवका उडतो. हे खडे घेऊच नयेत असं नाही. घेतले तर कारागिराला आधी सांगावं लागतं.

फ्लोरेसन्सचा फार बाऊ केला जातो. अतिनील प्रकाशात हिरा निळा उजळतो, एवढंच ते. 'आय', 'जे' रंगात मध्यम निळा फ्लोरेसन्स असेल तर खडा उलट किंचित पांढरा भासू शकतो आणि भावही जरा नरम असतो. तीव्र फ्लोरेसन्सचे थोडेच हिरे उन्हात धुरकट दिसतात. उन्हात धरून पाहिलं की शंका मिटते.

६. टेबलावर बसल्यावर

दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच हिरे नाचतात. ते दिवे त्यासाठीच लावलेले असतात. म्हणून पहिली विनंती ही की हिरा खिडकीपाशी न्यायचा, आणि मग टेबलाखाली हाताच्या सावलीत. तिथेही ज्यात उजेड-काळोखाची सुबक नक्षी हलताना दिसते तो चांगला कापलेला. सावलीत जो राखाडी पडतो त्याला दिव्यांनी वर उचललेलं होतं.

भिंग हातात घेण्याआधी हिरा पुसून मागा. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो. बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि मग धूळ आणि दोष यांतला फरक कळेनासा होतो. आता बैठक. दोन्ही कोपरं टेबलावर टेका. दहापटीचं भिंग अगदी डोळ्याला लावा, म्हणजे भुवईला टेकेल इतकं, आणि चिमट्यात गर्डलवर धरलेला हिरा हळूहळू जवळ आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर आला की पैलूंच्या कडा एकदम धारदार होतात. दुसरा डोळा मिटू नका, मिटला की लवकर थकायला होतं. आधी हिऱ्याच्या टेबलचा पृष्ठभाग स्पष्ट करा, मग हिरा केसभर पुढे घ्या म्हणजे नजर आत उतरते. नकाशातली प्रत्येक खूण तिथे आहे का ते जुळवा. शेवटी हिरा आडवा धरून गर्डलवर पूर्ण एक फेरी मारा. ही फेरी कंटाळवाणी असते आणि तीच बहुतेक जण टाळतात. टवके तिथेच असतात.

रंगासाठी पांढरा कोरा कागद मधे दुमडून त्याच्या घडीत हिरा पालथा ठेवा आणि शेजारी वेगळ्या रंगाचा दुसरा ठेवायला सांगा. एकटा हिरा पाहून रंग कुणालाच धड सांगता येत नाही.

ऑनलाइन घेत असाल तर यांतलं काहीच हातात नसतं. तिथे चारी बाजूंनी फिरणारा व्हिडिओ, त्या नेमक्या हिऱ्याचा, नमुन्याचा नव्हे, आणि विनाप्रश्न परत घेण्याची मुदत या दोन गोष्टींखेरीज पुढे जाऊ नका.

७. बिल आणि दुसऱ्याचं मत

हिऱ्यावर काही प्रक्रिया झाली आहे का, हे तोंडी विचारून थांबू नका. तडे काचेने भरलेला हिरा भिंगातून तिरका पाहिल्यास निळ्या-जांभळ्या किंवा नारिंगी झिलईने ओळखू येतो. पण खरी पंचाईत पुढे होते: सोनाराच्या ज्योतीची उष्णता लागली की भरलेली काच खराब होते आणि दडवलेला तडा वर येतो. लेझरने भोक पाडून काळा ठिपका घालवलेले हिरेही असतात. बिलावर वजन, अहवालाचा क्रमांक, खाणीतला की लॅबचा, प्रक्रिया नाही असा उल्लेख आणि परतीची मुदत एवढं लिहून घ्या.

परतीची ही मुदत सहसा खडा बसवला की संपते. एकदा धातूत गेलेला हिरा दुकान परत घेत नाही, आणि त्यात चूक काही नाही. म्हणून हिरा घेतल्यावर आणि कारागिराकडे देण्याआधी त्या व्यवहारात ज्याचा पैशाचा संबंध नाही अशा जाणकाराला तो दाखवा. त्याची थोडी फी देऊन टाका. सुटा हिरा घेण्याचा अर्धा फायदा या मधल्या काही दिवसांतच असतो, आणि लोक तेच दिवस घाईत घालवतात.

८. अंगठीचा घाट ठरवताना

खडा धरायच्या पद्धती मोजक्या आहेत. सर्वांत रूढ म्हणजे प्रॉन्ग, धातूच्या नख्या. टिफनीने १८८६ साली आणलेली सहा प्रॉन्गची अंगठी आजही नमुना म्हणून चालते. चार प्रॉन्गमध्ये हिरा जास्त उघडा दिसतो, सहामध्ये एखादी नखी झिजली तरी खडा टिकतो. टोकं असलेल्या आकारांना, म्हणजे प्रिन्सेस, पेअर, मार्कीझ यांना टोकावर इंग्रजी व्हीच्या आकाराची नखी घ्या. हातांनी काम करणाऱ्यांना मी कोंदणच सुचवेन: हिऱ्याभोवती धातूची अखंड कड असते, काही अडकत नाही, गर्डल सुरक्षित राहतो. त्यात हिरा किंचित लहान दिसतो हे खरं, पण रोज वापरायचा तर हा सौदा वाईट नाही. मुख्य हिऱ्याभोवती बारीक खड्यांचा हॅलो किंवा पट्टीभर पावे, म्हणजे बारीक खडे खेटून बसवणं, केलं तर अंगठी भरगच्च दिसते, मात्र ते बारीक खडे गळणं हीच त्या अंगठ्यांची नेहमीची तक्रार.

उंची विचारायला विसरू नका. उंच बैठक खिशात, केसांत, स्वेटरमध्ये अडकते. आणि शेजारी दुसरी अंगठी घालायची असेल तर ती चिकटून बसेल एवढी जागा आत्ताच ठेवावी लागते.

धातू: १८ कॅरट सोन्यात ७५ टक्के सोनं, १४ कॅरटमध्ये साधारण ५८.५. बावीस कॅरट रंगाला छान, पण बारीक नख्यांसाठी मऊ. पांढरं सोनं मुळात तितकं पांढरं नसतं, वर ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो झिजतो आणि अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं, त्वचेला चालत नसेल तर पॅलेडियम मिसळलेलं मागा. प्लॅटिनम बहुधा ९५ टक्के शुद्ध येतं, जड असतं, आणि ओरखडा पडला तरी त्याचा धातू उडून न जाता बाजूला सरकतो, म्हणून नख्यांना उत्तम. पट्टी पिवळ्या सोन्याची आणि वरच्या नख्या पांढऱ्या धातूच्या, असंही करता येतं. पट्टीची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली उतरू देऊ नका.

माप संध्याकाळी, हात नेहमीसारखे उबदार असताना घ्या. थंडीत बोटं आकसतात, उन्हाळ्यात सुजतात. पट्टी रुंद असेल तर माप थोडं मोठं लागतं. पेर जाड असेल तर पेरावरून जाईल आणि मुळाशी फिरणार नाही असा मधला आकडा काढावा लागतो. गुपचूप अंगठी करायची असेल तर त्याच बोटातल्या दुसऱ्या अंगठीचा आतला व्यास मोजा. पूर्ण वर्तुळभर खडे असलेली पट्टी मागाहून लहान-मोठी करणं जवळजवळ अशक्य, तेव्हा गुपचूपच्या बेतात ती नको.

९. हिरा हवाली करताना

सगळ्या व्यवहारात मला सर्वांत नाजूक वाटतो तो हा टप्पा. त्यात औपचारिकता पाळली तर कुणाचा अपमान होत नाही. चांगला कारागीर ती स्वतःहून पाळतो.

हिरा त्याच्यासमोर तोलून घ्या, तिन्ही मापं मोजा, गर्डलवरचा क्रमांक दोघांनी भिंगातून वाचा, आणि हे सगळं पावतीवर लिहून सही घ्या. एखादी ठळक खूण असेल तर तिचा फोटो काढा. काम करताना हिरा फुटला किंवा हरवला तर भरपाई कोण देणार हेही त्याच कागदावर यावं. काही कारागीर बाहेरून आणलेल्या खड्याची जबाबदारी घेत नाहीत. त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे, पण मग विमा तुम्ही काढायचा की दुसरा कारागीर शोधायचा, हे हिरा हातातून सोडण्याआधी ठरवा.

मग नकाशा दाखवून सांगा: इथे फेदर आहे, इथे गर्डल पातळ आहे. नखी नेमकी कुठे यावी आणि कुठे दाब नको हे त्यावरून ठरतं. कोरलेला क्रमांक दोन नख्यांच्या मधे उघडा राहील असं पाहायला सांगा. कडेची खूण नखीखाली घालायची असेल तर तेही आत्ताच.

घाट कॉम्प्युटरवर काढला असेल तर धातू ओतण्याआधी मेणाचा किंवा रेझिनचा नमुना बोटात घालून बघा. पडद्यावर सगळं मोठं आणि सुबक दिसतं. नमुन्यात उंची आणि जाडी खरी कळते आणि बदल फुकटात होतो. ओतकाम झाल्यावर कारागीर प्रत्येक नखीत आतून खाच कापतो, हिरा त्या खाचांत सपाट बसवतो आणि मग समोरासमोरच्या नख्या थोड्या थोड्या करून दाबत आणतो. एकाच बाजूची नखी पूर्ण दाबली तर खडा तिरका होतो. खाच फार खोल गेली तर नखी तिथेच मोडते. तुमचा यात हात नसतो, पण काय पाहायचं ते कळतं.

१०. तयार अंगठी घेताना

भिंग सोबत न्या. हिरा वरून आणि दोन्ही बाजूंनी समतल आहे का? प्रत्येक नखी हिऱ्यावर टेकली आहे की मधे फट आहे? नखीवरून सुती धागा किंवा जुना नायलॉनचा मोजा ओढून पाहा. अडकला तर टोक अजून घासायला हवं. अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा, खडखड आली तर खडा सैल. आतल्या बाजूला धातूचा शिक्का शोधा, १८ कॅरटला ७५०, प्लॅटिनमला ९५०. क्रमांक पुन्हा वाचा, खुणा पुन्हा जुळवा, गर्डलभोवती जिथे पोचता येईल तिथे टवका पाहा. मोबदल्याची शेवटची रक्कम यानंतर द्या. घातल्यावर अंगठी सहज चढावी आणि काढताना पेरापाशी थोडी अडावी.

घरी आल्यावर अहवाल, दोन्ही बिलं, कारागिराची पावती आणि फोटो एका जागी ठेवा. विमा काढायचा तर हेच कागद लागतात. धुण्यासाठी कोमट पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरतो; हिऱ्याच्या पोटाखाली ब्रश पोचला पाहिजे, मळ तिथे साचतो. क्लोरीनच्या तलावात अंगठी काढून उतरा, ते सोन्याच्या मिश्रधातूला खातं. डबीत ती एकटी ठेवा, नाहीतर शेजारच्या दागिन्यांवर ओरखडे पडतील. आणि साधारण सहा महिन्यांनी नख्या तपासून घ्या. पुढे कधी पट्टी जोडायला ज्योत लावायची वेळ आली तर खडा काढून काम करणार की वर बोरिक ॲसिडचा लेप देऊन, हे विचारून घ्या. उघड्या हिऱ्याला हवेत जास्त तापवलं तर पृष्ठभाग पांढुरका पडतो, आणि मग तो पुन्हा पॉलिश करण्यात वजन जातं.